बिनघंटीचा गजर

गजर वाजत नाही, पडतो, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाईचं वय झालं. पण भंडाऱ्याच्या ज्या घरात माझा संसार सुरू झाला तिथे गजर पडायचाच. धप्! असा. पत्र्याच्या डब्यात वाळू भरलेली, तो डबा खाली घडी घालून ठेवलेल्या पोत्यावर पडायचा, आणि पडला की शेगडीची निळी ज्योत आपोआप मिटायची. मग भात कच्चा असो की दूध कोमट असो, वाद नाही. वेळ संपली.

आणि डबा पडला की आतल्या खोलीतून काकूंचा आवाज यायचा, "झालं काय हो?"

बाहेरून काकाजी म्हणायचे, "झालं."

दिवसातून सहा वेळा, सात वेळा. लग्न होऊन नवीनच आलेली मी, मला वाटायचं, कुठे येऊन पडलो आपण!

काकाजी म्हणजे आमचे घरमालक, काकू त्यांची बायको. बाजारात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. सगळा गाव त्यांना 'घडीवाले' म्हणायचा. गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. कोणी विचारलं की म्हणत, "हलवायाच्या पोराले पेढे खाताना पाहिलं काय तुमी?" पण वेळ त्यांच्या अंगात होती. आणि ती सुद्धा मिनिटांत नव्हे, स्वयंपाकात. पोस्ट किती लांब आहे? "एका चहाच्या वाटेवर." बसस्टँड? "एक जुन्या तांदळाचा भात." एकदा आमच्या ह्यांनी नागपूरला किती वेळ लागेल विचारलं तर म्हणाले, "चार वरनं आन् एक भाजी, गाडी चांगली असन तं."

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. हे पाटबंधाऱ्याच्या हापिसात कारकून. खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी ना जात विचारली ना पगार. विचारलं एवढंच, "चूल पेटवान काय?"

हे म्हणाले, "मग काय करू? गॅसचा नंबर लावला तर कितीक वर्षं लागतील."

"मंग आमच्याच गॅसवर रांधा. डावी शेगडी तुमची, उजवी आमची. पन चालन तो माह्या घडीनं. आन् सूनबाईनं दुपारच्याले घरी राहाव लागन."

त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसभर ते दुकानात, घरात काकू एकट्या. आणि काकूंना दमा होता. तीस वर्षं चुलीपुढे बसून छाती पार भाजून निघाली होती त्या बाईची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूर यांच्या नजरेलासुद्धा पडू देऊ नका. म्हणून काकाजींनी कुठून कुठून खटपट करून गॅस आणला होता. पण तेव्हाचा गॅस म्हणजे आत्तासारखा नाही. सिलिंडर एकच. तो संपला की नंबर लावा, आणि मग वाट पाहा, महिना, दीड महिना, कधी दोन. मधल्या काळात चूल पेटली की काकूंचा जीव कंठाशी. मातीच्या तेलाचा स्टो होता, पण त्याच्या वासानं चुलीहून जास्त खोकला.

तर हिशेब साधा होता. सिलिंडर जितके दिवस चालेल तितके दिवस काकू नीट श्वास घेणार. हे मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं गेलं होतं. पण बरं का, ऐकणं वेगळं आणि कळणं वेगळं. वीस वर्षांच्या पोरीला काय कळतं? मला एवढंच दिसे की घरमालक चिकट आहे, आणि त्याचा तो मेला डबा माझ्या पोळीच्या ऐन फुगण्यात पडतो.

ते यंत्र कसं होतं ते सांगते, जमेल तसं. शेगडीच्या बटणाला त्यांनी पितळेची एक पट्टी डाग देऊन बसवली होती. पट्टीला सुतळी, सुतळीला वाळूचा डबा, आणि डबा एका खिट्टीवर टेकवलेला. बाजूला गजराचं घड्याळ. गजर झाला की त्या घड्याळाच्या मागची किल्ली उलटी फिरते, पाहिलं असेल तुम्ही. त्या किल्लीला दोरा. किल्ली फिरली की दोरा गुंडाळला जायचा, खिट्टी सरकायची, डबा पडायचा, पट्टी ओढली जायची, गॅस बंद. बारा तासांच्या गजराचा त्यांनी एका तासाचा गजर केला होता, म्हणजे चहाची चार मिनिटंही लावता यायची. ते कसं केलं, मला आजही सांगता येणार नाही. असे दोन संच, माझ्या शेगडीला एक, त्यांच्या शेगडीला एक.

आणि घंटी काढून टाकलेली. काकूंचा डोळा लागत नसे, लागला तर दुपारी घटकाभर. घंटीनं दचकून उठल्या की खोकल्याची उबळ. म्हणून गजर मुका, आणि डब्याखाली पोतं.

ओट्याच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या. चहा, चार. तूरडाळ भिजवून, अठरा. लाखोरीची डाळ रातभर भिजवून, बावीस. जुना तांदूळ, अकरा, आणि मग पेटी. पेटी म्हणजे लाकडाची जुनी ट्रंक, आत धानाचं तणस, म्हणजे वाळलेला पेंढा, ठासून भरलेलं. भात अर्धा शिजला की गंज, म्हणजे पातेलं, उचलायचा, तणसात पुरायचा, वरून गोधडी. अर्ध्या तासानं काढला की मोकळा, वाफाळता भात. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा मला वाटलं, ह्या घरी भात अंड्यासारखा उबवतात.

मी ज्योत मोठी केली की काकाजींना दुकानातही कळत असावं. संध्याकाळी येऊन गंजावरचे उतू गेलेले ओघळ पाहत आणि म्हणत, "सूनबाई, उकळलेल्या पान्याले अजून जाळून काय भेटते?"

मी पोळपाट पुसत राहायची.

"तापलेल्या मानसाले अजून चिडवून जे भेटते तेच."

आतून काकू ओरडायच्या, "काहून तिच्या मागं लागून राहिले हो? जराशी पोरगी ते! सूनबाई, तू नको आयकू. मी मेली का हा मानूस माह्या तिरडीलेबी किल्ली देईन."

काकू बोलायला लागल्या की त्यांचा दमा कुठे जायचा कोण जाणे. दुपारी मी त्यांच्या खाटेजवळ बसून तांदूळ निवडायची. वाचायला मी त्यांच्याजवळच शिकले म्हणा ना. माझी शाळा चौथीत सुटलेली. काकूंना डोळ्यांनी बारीक दिसत नव्हतं, त्या म्हणत, "वाच वं, काय लिवलं हाय भितीवर?" मी वाचायची, वरण अठरा, पालक सहा. मग वर्तमानपत्राचा कागद, मग लायब्ररीतलं पुस्तक. भिंतीपासून सुरू झालं ते.

माझे बाबा अड्याळचे. धानाचे शेतकरी. लग्नानंतर पहिल्यांदा मला भेटायला आले ते कापणी झाल्यावर, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. काकाजी दुकानातून मुद्दाम लवकर आले.

"पाहुने, तुमच्या ह्या तांदळाले किती मिनिटं लागते?"

बाबा त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. "मिनिटं कोन मोजते गा? शीत दाबून पाहाव लागते."

"मंग झाकन उघडा लागते."

"उघडाचं."

"झाकन उघडलं का वाफ गेली. वाफ गेली का गॅस गेला."

"आन् झाकन नाही उघडलं का भात गेला," बाबा म्हणाले.

काकाजी हट्टाला पेटले. भिंतीवर लिहिलंय त्याप्रमाणे अकरा मिनिटं लावली, मग पेटी. आता धानाच्या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल, नवा तांदूळ जुन्यासारखा शिजत नाही, लवकर शिजतो. पण घड्याळवाला माणूस! अर्ध्या तासानं पेटीतून निघाली ती लापशी. पाहुण्याच्या ताटात, त्याच्याच शेतातल्या तांदळाची लापशी. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. बाबांनी बोटानं चाटून पाहिलं आणि म्हणाले, "मस्त हाये. माह्या आईले दात नव्हते तवा ते असाच खाय."

काकू आत हसता हसता खोकल्या आणि खोकता खोकता हसल्या. काकाजी उठले, कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर लिहिलं, 'नवा तांदूळ (अड्याळ), सात.' मग दोघं अंगणात बसून पान खात कितीतरी वेळ बोलत होते, एकाच्या हातात घड्याळ नाही, दुसऱ्याच्या घरात घड्याळ नाही.

जाताना मात्र बाबा मला हळूच बोलले. आमच्याकडे घरचा पाहुणा आला की तांदळाचे आयते करतात, धिरड्यासारखे, पातळ पिठाचे, एकेक करून तव्यावर घालायचे, वेळ लागतो त्याला. मी करत होते तर मधेच धप्, पुन्हा किल्ली, पुन्हा धप्. बाबा म्हणाले, "पोरी, तुह्या घरी इस्तवावरबी पाहारा हाये काय?" हसून म्हणाले, पण मला लागलं. बापाला पोटभर आयते घालता येत नाहीत, हा कसला संसार!

म्हणून पुढच्या खेपेला मी वरवंटा लावला.

उन्हाळा लागत होता. बाबा सकाळी आले, दुपारच्या गाडीनं परत जाणार होते. सिलिंडर संपत आला होता, हे मला माहीत होतं. काकाजी त्याला रोज हलवून, बोटानं वाजवून पाहत. नंबर लावून झाला होता, आणखी चार-पाच दिवस निघतील असा त्यांचा अंदाज होता. ते दुकानात गेल्यावर मी डब्याखाली वरवंटा उभा केला. आता पड म्हटलं मेल्या! सावकाश आयते केले. बाबांनी सात खाल्ले, काकूंनीही एक मागून घेतला. मग बाबांच्या चहासाठी दूध बारीक आचेवर ठेवलं. तेवढ्यात बाबा उठले. "चाहा राहू दे वं, गाडी जाईन."

मी म्हटलं, चला, मी येते बसस्टँडपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, गॅस बंद करायला काय झालं होतं? तेच तर सांगते. वर्षभरात माझ्या हातांची बटण बंद करायची सवयच मोडली होती. ते काम डब्याचं. आपण निघून जायचं, मागे धप् होतं. मला वाटलं, होईल. वरवंटा मीच लावलाय हे डोक्यातून पार गेलं. डोक्यात एकच, बाबा चालले.

बसस्टँड एका भाताइतका लांब. गाडी आली नाही. आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. बाबा गाई-वासराचं सांगत होते, तलावाचं पाणी किती उतरलं ते, आईनं माझी जुनी ओढणी कशी उशाशी घेतली ते. गाडी येऊच नये असं मला वाटत होतं, आणि खरंच येत नव्हती. दोन तास. बाबांशी एवढं सलग बोलणं मी माहेरी असतानाही कधी बोलले नव्हते.

परत आले तर अंगणातच जळकट वास. दूध आटत आटत जळून गेलं होतं, गंजाचं बूड काळं ठिक्कर, सगळ्या घरात धूर. ज्योत विझलेली होती, पण बटण उघडंच. सिलिंडर संपला होता. आणि दुपारी डोळा लागलेल्या काकू धुरानंच जाग्या होऊन खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभ्या, तोंड बाहेर काढायला पाहत होत्या. श्वास आत जाताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज. मी दारं उघडली, पदरानं वारा घातला, पाठ चोळली, रडत होते ते वेगळंच.

काकाजी आले. काकूंना पाणी पाजलं, उशांना टेकवून बसवलं. मग स्वयंपाकघरात गेले. डब्याखालचा वरवंटा त्यांनी पाहिला. उचलला, धुतला, पाट्यावर जागच्या जागी ठेवला. मी दाराशी उभी. वाटलं, आता म्हणतील, उद्या खोली खाली करा. आमचे हे तर संध्याकाळी येऊन नको ते बोललेच मला.

काकाजी म्हणाले, "चूक माही हाये."

मी मान वर केली.

"डबा अडवता येते, असा बनवला मी. अडवता आला नाही पाह्यजे."

दुसऱ्या दिवसापासून ते लाकडाची नळी बनवायला बसले, डबा आतल्या आत पडेल, कोणाचा हात पोचणार नाही अशी. शेगडीत गॅस नाही, सिलिंडर कधी येईल पत्ता नाही, आणि हा माणूस रोज दुकानातून आल्यावर थंड शेगडीपुढे बसून गजर लावून पाहतोय. धप्. आतून काकूंचा बारीक झालेला आवाज, "झालं काय हो?" "झालं." कशाचं झालं, सांगा! शेगडी तर पेटलीच नव्हती.

चूल काकाजींनी विहिरीच्या पलीकडे, कुंपणाला लागून मांडली. तिथे एक काठी रोवली, काठीला माझ्या जुन्या पातळाची चिंधी. चिंधी कुंपणाकडे उडाली तर स्वयंपाक, घराकडे उडाली तर पाणी टाकून चूल विझवायची. कधी दहा वाजता जेवलो, कधी तीन वाजता, कधी भिजवलेले पोहे. उन्हाळ्यातला वारा, तो कोणाचं ऐकतो? चिंधी घराकडे वळली की मी पाण्याचा तांब्या उचलायची. कितीही केलं तरी थोडा धूर जायचाच, आणि मग आतून ती शिट्टी. सिलिंडर यायला महिना झाला, वर काही दिवस.

त्यातल्याच एका दुपारी मी काकूंच्या पायाशी बसून म्हटलं, "काकू, मला शिव्या तरी द्या."

त्यांना तेव्हा सलग बोलवत नव्हतं. थांबून थांबून म्हणाल्या, "बापासंग बसली होती ना... दोन घंटे?"

"हो."

"बरं केलं. मी तं माह्या बापाले... शेवटचं पाहिलंच नाही. चुलीवर भात होता म्हनून... उद्या जाऊ म्हटलं."

ते दोन तास आजही माझ्याजवळ आहेत. पुढे बाबा फार जगले नाहीत, त्यामुळे ते जास्तच माझे झाले. पण लिंबाखालची ती सावली आठवली की पाठोपाठ खिडकीचे गज आठवतात. एक सुटं काढून आठवता येत नाही.

सिलिंडर आला, घर पुन्हा निळ्या ज्योतीवर आलं. काकू पुन्हा टोमणे मारायला लागल्या. नळी चांगली चालली. पण काकूंची उठबस कमी झाली ती झालीच. पुढच्या पावसाळ्यात, सर्दीचं निमित्त होऊन, त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, छाती आधीचीच खराब होती. काकाजीही तेच म्हणाले. मला कोणी काही म्हटलं नाही, कधीच नाही. त्याचंच तर ओझं जास्त होतं.

तेरवीपर्यंत घरात पाहुणे. पाहुणे गेल्यावर पहिल्यांदा काकाजींनी उजव्या शेगडीवर चहा ठेवला, किल्ली दिली, खाली बसले. मी डाव्या शेगडीशी भाजी चिरत होते. धप्.

कोणी काही विचारलं नाही.

काकाजी आतल्या दाराकडे पाहत राहिले. चहा निवला तरी उठले नाहीत. मग खालच्या आवाजात म्हणाले, "झालं."

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन्ही घड्याळांना घंट्या बसवल्या. दुकानात कुठेशा जपून ठेवल्या होत्या. सकाळी चहाचा गजर झाला तर कोण आवाज! शेजारची माणसं धावत आली. काकाजी म्हणाले, "वाजू द्या. आता कोनाची झोप मोडून राहिली?"

आणि आणखी एक केलं. आमच्या नावचा नंबर अजून यायचा होता, तर त्यांनी दोन्ही शेगड्या आम्हाला देऊन टाकल्या आणि स्वतः विहिरीपलीकडच्या त्या चुलीवर रांधायला लागले. काठी तिथेच होती, पण चिंधी काढून टाकलेली. मी म्हटलं, "काकाजी, आता तर गॅस पुरून उरतो. धुरात कायले बसता?"

फुंकणी बाजूला ठेवून म्हणाले, "धुरात डोये पुसले तं कोनी काही म्हनत नाही, सूनबाई."

दोन वर्षांनी ह्यांची बदली झाली. निघताना काकाजींनी माझं, डाव्या शेगडीचं घड्याळ कागदात बांधून दिलं. घंटी वेगळ्या पुडीत. म्हणाले, "घरात कोनी निजलेलं असन तं लावजो नोको." पुन्हा त्या घरी जाणं झालं नाही. भिंतीला चुना दिला असेल कधीच. वेळा मला पाठ आहेत.

पुडीतली घंटी मी लावली होती. माझी मुलं तिच्याच आवाजानं शाळेला उठली. आता घरोघरी पाइपातून गॅस येतो, शेगडी स्वतःच शिट्टी मारून बंद होते, मुलगा म्हणतो ते डबडं भंगारात दे. दिलं नाही. यंदाच्या थंडीपासून ह्यांना दम लागतो. रात्र बसून काढतात, दुपारी कुठे डोळा लागतो. परवा चष्मा लावून, सुरीच्या टोकानं स्क्रू फिरवून, मी ती घंटी काढली.

आता चहा ठेवते तेव्हा गजर वाजत नाही. मागची किल्ली तेवढी घरघर करून फिरते. मी तिच्याकडे पाहत उभी असते, आणि ती थांबली की बटण हातानं बंद करते.

तेवढी घरघर ह्यांना आत कशी ऐकू जाते, देव जाणे. आतून विचारतात, "झालं काय वं?"

मी म्हणते, "झालं."